फूस, जाळे आणि तेरा दिवसांचे बोलणे

चेक प्रजासत्ताकात २०२० च्या फेब्रुवारीत प्रदर्शित झालेल्या 'व्ह सीती' या माहितीपटात एक आकडा येतो : २,४५८. बारा वर्षांच्या मुली असल्याचे भासवून समाजमाध्यमांवर खाती उघडलेल्या तीन नटींशी दहा दिवसांत इतक्या पुरुषांनी संपर्क साधला. इंग्लंडमधल्या लेस्टरशायर पोलिसांनी काढलेल्या 'केलीज लव्ह स्टोरी' या जेमतेम पाच मिनिटांच्या लघुपटामागे दुसरा आकडा आहे : २,६४३. पंधरा वर्षांची एक मुलगी आणि तिला ऑनलाइन भेटलेला एक पुरुष यांच्यात तेरा दिवसांत झालेल्या निरोपांची ही संख्या.

आकडे जवळपास सारखे दिसतात, पण पहिला माणसे मोजतो आणि दुसरा बोलणे मोजतो. आपण, म्हणजे पालक, शिक्षक, पत्रकार आणि चित्रपट काढणारेसुद्धा, पहिल्या आकड्याने हादरतो, त्यावर व्याख्याने देतो, मुलांचे फोन तपासतो. दुसऱ्या आकड्यापाशी थांबायला आपल्याला वेळ नसतो. वास्तविक मुलांचे जे काही वाईट होते ते बहुतेक वेळा त्या दुसऱ्या आकड्याच्या पोटात होते. प्रस्तुत लेखात मी तीन चित्रकृतींच्या आधारे हे दाखवण्याचा प्रयत्न करणार आहे. त्याआधी थोडे आपल्या भाषेविषयी, कारण या विषयाकडे मी भाषेच्या वाटेने आलो.

मी कोणत्याही विद्यापीठाचा नाही. कऱ्हाडात एका पतसंस्थेत हिशेब लिहितो आणि उरलेल्या वेळात जुन्या-नव्या मराठी वृत्तपत्रांतली गुन्हेवार्तांची भाषा टिपून ठेवतो. या टिपणांत एक शब्दप्रयोग इतका वारंवार येतो की त्याची वेगळी वही करावी लागली : 'फूस लावून'. अल्पवयीन मुलीस फूस लावून पळवून नेले, अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा दाखल. पोलीस ठाण्याच्या फिर्यादीतून हे वाक्य बातमीत येते आणि बातमीतून लोकांच्या तोंडी जाते. आता या शब्दाकडे नीट पाहा. फूस 'लावली' जाते, जशी काडी लावली जाते. ती एका क्षणाची कृती आहे. ज्याला लावली तो पदार्थ आधीच पेट घेण्याजोगा होता, असाही एक अर्थ त्यात दडलेला आहे. आणि बातमीत गुन्ह्याची सुरुवात फूस लावण्यापासून होत नाही, पळवून नेण्यापासून होते. फूस ही नुसती वाट. मुलगी घरातून गेलीच नाही, रात्री अंथरुणात पडल्या पडल्या फोनवरच तिचे जे व्हायचे ते झाले, तर या वाक्यात तिच्यासाठी जागाच नाही.

दुसरे आपले लाडके शब्द म्हणजे 'जाळे' आणि 'आमिष'. कोळी आणि मासा. माशाला कोळ्याशी दोन शब्द बोलावे लागत नाहीत. तिसरा शब्द 'अनोळखी'. शाळांच्या सूचनापत्रकात पहिली ओळ ठरलेली असते : ऑनलाइन अनोळखी व्यक्तींशी बोलू नका. सूचना खोटी नाही. पण चाळीस निरोपांनंतर कोणी अनोळखी राहत नाही. ज्याला तुमच्या मांजराचे नाव ठाऊक आहे, गणिताच्या पेपरात किती पडले हे ठाऊक आहे, आई-वडिलांचे काल कशावरून वाजले हेही ठाऊक आहे, तो मुलीच्या लेखी ओळखीचाच असतो; घरातल्या काही माणसांपेक्षा अधिक ओळखीचा. सूचनापत्रक वाचताना ती त्याला त्या यादीत धरतच नाही.

व्याख्याते मंडळी यावर हमखास लक्ष्मणरेषेचा दाखला देतात. वाल्मीकींच्या रामायणात ही रेषा नाही, ती पुढच्या परंपरांनी ओढलेली आहे, हे आता बऱ्याच जणांना माहीत झाले आहे. पण ती मानली तरी त्या कथेतला मुद्दा आपण सोयीने विसरतो. रावण दारात आला तो साधूच्या वेषात, आणि सीता पुढे झाली ती भिक्षा घालायला. हाव किंवा उनाडपणा यांचा तिथे संबंध नव्हता. घरात शिकवलेली रीत तिने पाळली. मुलांनाही आपण शिकवतो की कोणी प्रेमाने बोलले तर प्रेमाने बोलावे, कोणाचे मन मोडू नये. समोरचा नेमका त्याच शिकवणीला हात घालतो.

इंग्रजीत या प्रकाराला 'ग्रूमिंग' म्हणतात. हा शब्द आपल्याकडे आला तो ब्यूटी पार्लरच्या आणि व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गांच्या पाट्यांवरून. पुण्यात तर कुत्र्यांचेही ग्रूमिंग होते. त्यामुळे मराठी पालकासमोर तो नुसता उच्चारून काही उपयोग होत नाही.

आता चित्रपटांकडे वळतो.

'व्ह सीती' या चेक शीर्षकाचा अर्थ 'जाळ्यात'. आपण इंटरनेटला महाजाल म्हणतो तसा हा चेक शब्दही मासे धरायचे जाळे आणि संगणकांचे जाळे अशा दोन्ही अर्थांनी चालतो. इंग्रजीत तो 'कॉट इन द नेट' या नावाने ओळखला जातो. दिग्दर्शक दोघे आहेत, व्हीत क्लुसाक आणि बार्बोरा खालुपोव्हा. मला चेक येत नाही, मी तो इंग्रजी पाट्यांच्या आधाराने पाहिला. चित्रपटाची रचना अशी : दिसायला लहान वाटतील अशा तीन सज्ञान नटी निवडल्या. निवडीसाठी आलेल्या तरुणींपैकी बहुतेकींना लहानपणी स्वतःलाच ऑनलाइन असा अनुभव आलेला होता, हे सुरुवातीलाच कळते आणि ती नोंद पुढच्या सगळ्या गोंधळापेक्षा माझ्या मनात जास्त राहिली. मग एका स्टुडिओत मुलींच्या तीन खोल्या उभ्या केल्या. भिंतीवर चित्रे, पलंगावर खेळणी. नियम ठरवले : मुलींनी आपणहून कोणाशी बोलणे सुरू करायचे नाही, वय बारा आहे हे पुन्हा पुन्हा सांगायचे, लाडिकपणा करायचा नाही, समोरच्याने वारंवार मागणी केल्याशिवाय छायाचित्र द्यायचे नाही, आणि द्यायचे ते बनावट. सोबतीला मानसोपचारतज्ज्ञ, लैंगिकतज्ज्ञ, वकील. पुढे चित्रीकरणातली सामग्री पोलिसांनी मागवून घेतली आणि त्यावरून काही जणांवर कारवाई झाली.

खाती उघडल्यावर काही मिनिटांतच निरोप येऊ लागतात. त्यानंतर जे दिसते त्याचे वर्णन दिवाळी अंकात करण्याचे कारण नाही. एवढे सांगतो की बहुतेक पुरुष बोलण्यात वेळ घालवतच नाहीत. दोन-तीन वाक्यांत मागणी, नकार मिळाला तर धमकी, मग पुढचे खाते. काही प्रत्यक्ष भेटायलाही येतात आणि कॅफेत बसून समोरच्या 'मुली'शी निर्लज्जपणे बोलतात. एकाला तर चित्रपटाच्या चमूतलेच कोणी तरी ओळखते. तो मुलांच्या सहली-शिबिरांच्या कामात असलेला माणूस निघतो. चित्रपटातले लैंगिकतज्ज्ञ सांगतात की यातले बहुतेक जण वैद्यकीय अर्थाने बालकामी नाहीत. ही माहिती मोलाची आहे, कारण 'असे करणारे लोक वेगळेच असतात' या आपल्या समजुतीला ती धक्का देते. चेक प्रजासत्ताकात या चित्रपटाने फार मोठी चर्चा घडवली आणि मुलांना दाखवता येईल अशी त्याची वेगळी, सौम्य आवृत्तीही काढली गेली. त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

तरीही माझी तक्रार आहे. पुरुषांचे चेहरे कायद्याच्या दृष्टीने झाकणे भाग होते. दिग्दर्शकांनी ते संगणकाने असे पुसले की फक्त डोळे आणि तोंड उघडे राहावे. परिणाम भयंकर होतो, यात शंका नाही. राक्षसाच्या मुखवट्यातून डोळे आणि दात तेवढे दिसावेत तसे ते दिसतात. पण याच मुखवट्यांनी लैंगिकतज्ज्ञाचे वाक्य खोडून टाकले. तज्ज्ञ म्हणतो ही सामान्य माणसे आहेत, पडदा म्हणतो हे राक्षस आहेत. आणि पडद्याचा आवाज नेहमी मोठा असतो. अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर २००४ ते २००७ या काळात 'टू कॅच अ प्रेडेटर' नावाची मालिका चालली. अल्पवयीन मुलीच्या नावाने बोलून पुरुषांना एका घरात बोलवायचे आणि कॅमेऱ्यासमोर धरायचे, असा तो खेळ होता. २००६ मध्ये टेक्सासमधल्या एका सरकारी वकिलाने पोलीस आणि वाहिनीची माणसे दारात आल्यावर स्वतःवर गोळी झाडून घेतली. लोक ती मालिका चवीने पाहत. 'व्ह सीती' तिच्यापेक्षा कितीतरी जबाबदार आहे, पण प्रेक्षकाला मिळणारे सुख एकाच जातीचे आहे : पकडला! आणि पकडला गेलेला तो आपल्यासारखा दिसत नाही.

खरी अडचण मात्र त्या चित्रपटातल्या सर्वांत सुंदर प्रसंगात आहे. शेकडो पुरुषांनंतर एक तरुण येतो. तो काही मागत नाही. मुलीला सांगतो की कोणालाही असली छायाचित्रे पाठवू नकोस, तू तसे करण्याची गरज नाही, स्वतःला जप. खोलीत बसलेल्या नटीला आणि आजूबाजूच्या चमूला रडू येते. दिग्दर्शक त्याच्या चेहऱ्यावरचा मुखवटा काढतात आणि आपल्याला एक साधा, सभ्य मुलगा दिसतो. मीही त्या क्षणी हललो. तो तरुण खरोखर सभ्य असावा याविषयी मला शंका घ्यायची नाही. पण हा चित्रपट मुलांना दाखवायचा असेल तर हाच प्रसंग जपून दाखवला पाहिजे. ज्याला तेरा दिवस किंवा दोन महिने घालवायचे आहेत असा माणूस सुरुवात नेमकी अशीच करतो. बाकीचे सगळे घाणेरडे आहेत, तू कोणावर विश्वास ठेवू नकोस, मी तुझी काळजी करतो म्हणून सांगतो. चित्रपटाने मुखवटा हे वाईटाचे चिन्ह ठरवले आणि उघडा चेहरा हे चांगल्याचे. प्रत्यक्षात मुलांपुढे येणारा धोकेबाज मुखवट्याने येत नाही. उघड्या, हसऱ्या चेहऱ्याने येतो. केसाने गळा कापणे हा आपल्या भाषेतला वाक्प्रचार या बाबतीत जाळ्यापेक्षा कितीतरी अचूक आहे. दहा दिवसांच्या चित्रीकरणात हळूहळू काम करणारा माणूस सापडणे शक्यच नव्हते. जो प्रयोग घाई करणाऱ्यांना पकडण्यासाठी रचला, त्यात घाई करणारेच सापडले.

डेव्हिड श्विमर या दिग्दर्शकाचा 'ट्रस्ट' हा २०१० चा अमेरिकी चित्रपट मला म्हणूनच अधिक महत्त्वाचा वाटतो. श्विमर आपल्याकडे 'फ्रेंड्स' या विनोदी मालिकेतला नट म्हणून परिचित आहे. बलात्कारपीडितांसाठी काम करणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या एका संस्थेशी तो अनेक वर्षे जोडलेला होता. चित्रपटात ते अनुभवाचे ओझे जाणवते, भाषणबाजी जाणवत नाही.

शिकागोजवळचे एक सुखवस्तू कुटुंब. ॲनी चौदा वर्षांची होते, वडील तिला वाढदिवसाला लॅपटॉप देतात. चॅटवर तिला चार्ली भेटतो. तो व्हॉलीबॉल खेळतो, तीही खेळते. तो सोळा वर्षांचा असल्याचे सांगतो. काही दिवसांनी कबूल करतो की आपण खरे तर वीस वर्षांचे आहोत. पुढे सांगतो, पंचवीस. मॉलमध्ये तो प्रत्यक्ष समोर येतो तेव्हा चाळिशीला टेकलेला माणूस असतो.

वयाची ही पायरी-पायरी या चित्रपटातली सर्वांत बारीक निरीक्षणाची गोष्ट आहे. वरवर पाहता प्रत्येक कबुलीने मुलीचा विश्वास उडायला हवा. उलट घडते. तो दर वेळी माफी मागतो, तू किती समजूतदार आहेस म्हणून सांगायचे धाडस केले असे म्हणतो, आणि मुलीला वाटते की त्याने आपल्यावर किती भरवसा टाकला! खोटे बोलणे आणि कबूल करणे ही एकाच कामाची दोन अवजारे आहेत. मॉलमध्ये ती रडवेली होते, पण उठून जात नाही. कारण तिथवर येईपर्यंत तिने दोन महिने गुंतवलेले आहेत. उठून गेली तर ते दोन महिने खोटे ठरतात, आणि ते तिच्या आयुष्यातले सर्वांत चांगले दोन महिने होते. मोटेलच्या खोलीत काय झाले ते चित्रपट संयमाने सांगतो.

यानंतरचा सव्वा तास फार थोड्या दिग्दर्शकांना जमला असता. घडलेले बाहेर येते ते ॲनीच्या मैत्रिणीमुळे. ती घाबरून शाळेत सांगते. पोलीस येतात, वैद्यकीय तपासणी होते, आणि ॲनी मैत्रिणीवरच भडकते. तिच्या मते तिच्यावर बलात्कार झालेलाच नाही. चार्लीचे तिच्यावर प्रेम आहे आणि या सगळ्यांनी मिळून ते मोडले. किती तरी दिवस ती त्याच्या फोनची वाट पाहते. समुपदेशकाशी बोलतानाही ती त्याचीच बाजू घेते. चार्लीने अशाच फसवलेल्या इतर मुलींची छायाचित्रे तपास अधिकारी तिच्यासमोर ठेवतात तेव्हा ती कोसळते. म्हणजे तिला मोडते ते बलात्काराचे ज्ञान नव्हे; आपण एकट्या नव्हतो हे ज्ञान.

वडिलांचे काम क्लाइव्ह ओवेनने केले आहे. ते जाहिरात कंपनीत आहेत आणि त्यांच्या हातात किशोरवयीन मुला-मुलींच्या तोकड्या कपड्यांची मोहीम आहे. श्विमर हे जरा ठळक शाईने अधोरेखित करतो, पण मुद्दा खोटा नाही. मुलीचे झाल्यावर वडील काय करतात? ते तिच्यापाशी बसत नाहीत. ते तिची आणि चार्लीची संभाषणे मिळवून पुन्हा पुन्हा वाचतात, नोंदीतल्या गुन्हेगारांचे पत्ते शोधतात, एका खेळाच्या मैदानावर भलत्याच माणसाला मारहाण करतात. त्यांना चेहरा हवा आहे. 'व्ह सीती'च्या प्रेक्षकाला हवा होता तोच. मुलीला या काळात बाप हवा होता आणि घरात एक खासगी गुप्तहेर वावरत होता. एका मुलीला घरातच ऐकून घेणारे कोणी मिळत नाही, ही या चित्रपटाची खरी कथा आहे. चार्ली ऐकून घेत होता.

'केलीज लव्ह स्टोरी' हा लघुपट या दोन्हींच्या शेजारी ठेवणे काहींना अन्यायाचे वाटेल. तो पोलिसांनी काढलेला प्रचारपट आहे, कलाकृती नव्हे. केली हेवुड ही लेस्टरशायरमधली पंधरा वर्षांची मुलगी नोव्हेंबर २०१५ मध्ये मारली गेली. ज्याने तिला तेरा दिवस निरोप पाठवले त्याच्या घरी ती गेली. तिला ठार केले त्याच्या शेजाऱ्याने. लघुपट तिच्या कुटुंबाच्या संमतीने केला गेला आणि आधी शाळांतून दाखवला गेला. तो पाहिल्यावर काही मुलांनी पुढे येऊन आपले स्वतःचे प्रकार सांगितले.

शीर्षक पाहा : केलीची प्रेमकथा. पोलीस खात्याने असे शीर्षक द्यावे याचे मला आश्चर्य वाटले आणि आदरही. आपल्याकडच्या एखाद्या अधिकाऱ्यापुढे हे नाव ठेवले असते तर त्याने लाल शाईने खोडून 'सावधान' लिहिले असते. परंतु मुलीला ती प्रेमकथाच वाटत होती. तिच्या जागेवरून पाहिल्याशिवाय तिच्यासारख्या दुसऱ्या मुलीला आपली गोष्ट ओळखू येणार नाही. 'सावधान' या शब्दाखाली तिला स्वतःचा मित्र दिसणारच नाही. आणि तेरा दिवस! या मुदतीचा विचार केला की अंगावर काटा येतो. दिवसाला सरासरी दोनशे निरोप. शाळा, जेवण, झोप वगळून. इतके लक्ष त्या वयाच्या मुलीकडे घरात, वर्गात, कुठे कोण देते?

या प्रकारात केवळ मुलीच सापडतात असाही समज आहे. तो चुकीचा आहे. ब्रेक बेडनार हा इंग्लंडमधला चौदा वर्षांचा मुलगा २०१४ मध्ये मारला गेला. मारणारा अठरा वर्षांचा होता, ऑनलाइन खेळांतून भेटलेला, स्वतःला मोठ्या संगणक व्यवसायाचा मालक म्हणवणारा. मुलगा त्याला गुरू मानू लागला होता. आईला संशय आला होता, तिने मुलाला रोखले होते, पोलिसांनाही आधीच कळवले होते; पुरेशी दखल घेतली गेली नाही. या घटनेवरही २०१८ मध्ये पोलिसांनी लघुपट काढला. दक्ष आईलाही जे जमले नाही ते समजून घ्यायचे तर पुन्हा त्या दुसऱ्या आकड्याकडेच यावे लागते : आई रोज किती बोलत होती आणि तो किती बोलत होता.

आता आपल्या कायद्याकडे पाहू. कायदा हाही एक मजकूरच असतो आणि त्याचेही परीक्षण व्हायला हरकत नसावी. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने ६७ ब हे कलम आले आणि २००९ च्या ऑक्टोबरपासून अमलात आले. त्याच्या एका पोटकलमात मुलांना ऑनलाइन संबंधासाठी 'कल्टिव्हेट' करणे हाच गुन्हा ठरवला आहे. भेट झाली पाहिजे अशी अट नाही. इंग्लंडमध्ये २००३ च्या कायद्याने मुलाशी संपर्क साधून मग भेटणे किंवा भेटीसाठी निघणे याला गुन्हा ठरवले होते. नुसते लैंगिक स्वरूपाचे बोलणे हा स्वतंत्र गुन्हा तिथे २०१७ मध्ये अमलात आला. म्हणजे कागदावर आपण पुढे होतो. पोटकलमाची वाक्यरचना मात्र इतकी गोंधळाची आहे की मुलांना कोणाशी संबंध ठेवायला प्रवृत्त करायचे, प्रौढाशी की दुसऱ्या मुलाशी, हेच सरळ वाचून कळत नाही. पण तो एक शब्द कोणी तरी विचार करून घातला असावा. कल्टिव्हेट म्हणजे मशागत. नांगरट, ढेकळे फोडणे, कुळव, पाळी. पेरणी नंतर, पीक त्याहून नंतर. ग्रूमिंगला मराठीत मशागत म्हणावे असे मी एका मित्राला सुचवले. तो शेतकरी आहे. तो म्हणाला, "आमच्या कामाला कशाला बट्टा लावता?" त्याचे बरोबर आहे. तरी फूस लावण्यापेक्षा मशागतीत दिवस मोजले जातात, म्हणून माझ्या वहीत तो शब्द तूर्त तसाच आहे.

शब्दांनी काही फरक पडत नाही असे म्हणणाऱ्यांसाठी एक दाखला देतो. २३ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जस्ट राइट्स फॉर चिल्ड्रन अलायन्स विरुद्ध एस. हरीश या प्रकरणात निकाल देताना 'चाइल्ड पोर्नोग्राफी' हा शब्द न्यायालयांनी वापरू नये असे सांगितले. त्या जागी मुलांच्या लैंगिक शोषणाची व अत्याचाराची सामग्री अशा अर्थाचा शब्दप्रयोग सुचवला. कारण पहिल्या शब्दात संमतीचा वास येतो आणि दुसऱ्यात गुन्हा दिसतो. आपली वृत्तपत्रे हा बदल कधी उचलतात ते पाहायचे. तोवर मुलीकडून काढून घेतलेल्या छायाचित्रांना बातमीत 'अश्लील फोटो' असेच म्हटले जाते, आणि अश्लील कोण हे वाचकाने ठरवायचे.

पॉक्सो कायदा २०१२ चा. त्यातले १९ वे कलम सांगते की असा गुन्हा घडल्याचे किंवा घडण्याची शक्यता असल्याचे ज्याला कळेल त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. हेतू चांगला आहे. गोष्टी घरातल्या घरात दाबल्या जाऊ नयेत. पण आमच्या भागातली नववीतली मुलगी हे कसे वाचते? तिने बाईंना सांगितले तर बाई पोलिसांना सांगणार, पोलीस घरी येणार, घरी आले की गल्लीला कळणार. मग फोन जाणार, मागोमाग शाळा, आणि एखाद्या घरात स्थळे पाहायला सुरुवात. ज्याने धमकावले त्याचे काय व्हायचे ते न्यायालयाच्या तारखांवर होईल. तिचे त्याच आठवड्यात होऊन जाते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. धमकावणारा पुरुष हे सगळे जाणून असतो. त्याच्या धमकीतला जोर त्याच्याजवळच्या छायाचित्रात असतो त्याहून जास्त मुलीच्या वडिलांच्या स्वभावात असतो. १०९८ हा मुलांसाठीचा आणि १९३० हा सायबर गुन्ह्यांसाठीचा क्रमांक प्रत्येक शाळेच्या भिंतीवर असावा, हे खरेच. पण तो लावण्यासाठी हातात फोन लागतो, आणि पहिली शिक्षा म्हणून आपण तोच काढून घेतो.

गेल्या हिवाळ्यात आमच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर मी पंचवीसएक पालकांना 'ट्रस्ट' दाखवला. फक्त पालकांना, कारण तो मुलांनी पाहण्याचा चित्रपट नाही. शेवटाकडे वडील मुलीजवळ येतात आणि तुझे रक्षण मला करता आले नाही म्हणून रडतात. तिथे चित्रपट संपायला हवा होता. पण श्रेयनामावलीबरोबर एक घरगुती चित्रफीत येते आणि चार्ली खरा कोण ते कळते : एक शिक्षक, बायको-मुलाबाळांचा. दिवे लागल्यावर तासभर चर्चा झाली ती त्या शिक्षकाची. त्याला कसे पकडता आले असते, पुढे काय शिक्षा झाली असेल, आपल्याकडे असता तर लोकांनी काय केले असते. एका गृहस्थांनी मुलांच्या फोनवर नजर ठेवणाऱ्या ॲपचे नाव सर्वांना लिहून दिले. ॲनीविषयी फक्त एक बाई बोलल्या. त्या म्हणाल्या, "पोरगी शेवटपर्यंत त्याचंच खरं मानत होती, ते मला नाही पटलं." मी त्यांना विचारले, तुमच्या लेकीनं असं काही सांगितलं तर तुम्ही पहिल्यांदा काय म्हणाल? त्या बराच वेळ विचार करत होत्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुस्तक बदलायला आलेली एक मुलगी टेबलाजवळ रेंगाळली. तिची आई आदल्या दिवशी आली होती. काल काय पिक्चर होता, असे तिने विचारले, आणि मी थोडक्यात कथा सांगितली.

"मग काका, तिची शाळा सुटते का?"

नाही सुटत, मी म्हणालो. ती जाते शाळेत.

"घरचे पाठवतात?"

हो, म्हणालो. तिने वहीत सही केली, पुस्तक घेतले आणि जिना उतरून गेली.